जुन्या फार्गोला डिस्क ब्रेक बसवताना आधी पाईप का बदलावे लागतात? उत्तर वालचंदशेठच्या गोष्टीत आहे

मुंबई-पुण्याचा जुना रस्ता. खंडाळ्याहून घाट उतरला की खोपोली, मग चौक, मग पनवेल. एक्सप्रेसवे यायच्या कितीतरी आधीपासून घाट उतरून आलेला ट्रक पनवेलला थांबायचा. ड्रायव्हर खाली उतरून पहिल्यांदा काय बघायचा? तर चाकं. ड्रम तापलाय का, लायनर जळाल्याचा वास येतोय का, चाकाच्या आतल्या बाजूनं ब्रेक ऑईल ओघळतंय का.

आज त्याच पट्ट्यात कळंबोलीचं लोखंड मार्केट आहे, ट्रकांच्या रांगा आहेत, गॅरेज आहेत, स्पेअर पार्टची दुकानं आहेत. आणि हल्ली जुन्या गाड्या हुडकून त्या परत रस्त्यावर आणायचं वेड बऱ्याच जणांना लागलंय. जीप झाली, बुलेट झाली, आता काही जण थेट नाकवाल्या ट्रकवर आलेत. फार्गो, डॉज, डिसोटो.

असा ट्रक हाती आला की पहिला विचार इंजिनाचा येतो आणि दुसरा ब्रेकचा. ड्रम काढून पुढं डिस्क ब्रेक बसवू, म्हणजे गाडी जागेवर थांबेल, असं सगळ्यांनाच वाटतं. पण जाणकार मिस्त्री डिस्कला हात लावायच्या आधी ट्रकखाली झोपतो आणि चेसिसच्या कडेनं गेलेली बारीक नळी दाखवतो. आधी हे सगळं काढायचं, मग डिस्कचं बोलायचं.

का? हे समजून घ्यायचं तर हा ट्रक आला कुठून ते आधी बघायला हवं.

तो आला कुर्ल्याहून. आणि कुर्ल्याला तो आणणारा माणूस होता सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजरातचं, जैन, पण महाराष्ट्रात रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद यांचा सावकारी आणि कापसाचा धंदा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण सोलापूर, मग मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसले, पण मन रमेना.

तेव्हा त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. एकेकाळी रेल्वेत कारकून असलेला आणि आता रेल्वेची छोटी कंत्राटं घेणारा माणूस. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभं करायची पत होती. 1903 मध्ये दोघांची भागीदारी झाली. सुरुवातीचं काम बार्शी लाईट रेल्वेचं, येडशी ते तडवळे. छोट्या रुळाची छोटी गाडी. पण कंत्राटदार म्हणून नाव तिथूनच सुरू झालं.

पुढचा पसारा एका लेखात मावणारा नाही. 1919 मध्ये भागीदारांबरोबर त्यांनी सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून एक जुनी बोट विकत घेतली. तिचं नाव लॉयल्टी. 5 एप्रिल 1919 ला ती मुंबईहून लंडनला निघाली आणि वालचंद स्वतः त्या बोटीवर होते. तेव्हा भारताच्या समुद्रावर इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण ही कंपनी टिकली. आपण 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो या फेरीमुळं.

मग रावळगाव, मग वालचंदनगर, साखर, बांधकाम. आपल्या विषयाच्या जवळचं काम म्हणजे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे. 1920 च्या दशकात ते मोठं काम वालचंदांच्या कंपनीनं केलं. म्हणजे ज्या घाटात फार्गोच्या ब्रेकची परीक्षा व्हायची, तो घाट वालचंदशेठनं ट्रक बनवायच्या कितीतरी आधी आतून पाहिला होता.

आता मोटारीकडे येऊ.

1930 च्या दशकात भारतात मोटारी दिसायच्या, पण त्या इथं बनत नव्हत्या. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता, फोर्डचाही धंदा होता. पण हे कारखाने म्हणजे पेट्या फोडायच्या आणि आतले सुटे भाग जोडायचे. गाडी बनवण्याची विद्या परदेशातच राहायची. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1935 मध्ये युरोप-अमेरिकेत फिरून भारतात मोटार कारखाना कसा निघेल याचा अभ्यास केला आणि योजना मांडली. ती पुढं न्यायला जो उद्योगपती उभा राहिला तो वालचंद. मुंबईत 1937 मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं, त्यांची सहानुभूती होती. पण 1939 मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले आणि ती वाटही बंद झाली.

वालचंद अमेरिकेला गेले. डेट्रॉईटला मोठ्या कंपन्यांशी बोलणी केली. फोर्डशी जमलं नाही. फोर्डचा भारतातला धंदा कॅनडाच्या फोर्ड कंपनीच्या ताब्यात होता आणि स्वतःचा चालू धंदा असताना एका भारतीय माणसाला आपल्याच तोडीचा कारखाना उभारून द्यायला त्यांना काय पडलं होतं? मग करार झाला क्रायस्लरशी, 1940 मध्ये.

इथं जरा थांबू, कारण ब्रेकची गोष्ट इथंच वळण घेते.

त्या काळी ब्रेक दोन तऱ्हेचे होते. एक म्हणजे पेडलपासून चाकापर्यंत सळया नाहीतर केबल, सायकलच्या ब्रेकसारखं काम. दुसरा म्हणजे तेलाचा, हायड्रॉलिक. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधलं तेल नळीतून चाकाकडे ढकललं जातं आणि तिथला व्हील सिलेंडर ब्रेकचे शू ड्रमवर दाबतो. हा शोध माल्कम लॉकहीड यांचा, 1917 च्या पेटंटचा. होय, विमानवाल्या लॉकहीड घराण्यातलेच ते. सुरुवातीला त्यांच्या सिलेंडरमधून तेल गळायचं. क्रायस्लरच्या इंजिनियरांनी त्यात रबरी वॉशर घालून ते सुधारलं आणि 1924 मध्ये आपल्या पहिल्याच गाडीला चारही चाकांना तेलाचे ब्रेक दिले. फोर्ड मात्र सळ्या-केबलवर अडून बसली, ती थेट 1939 मॉडेलच्या गाड्यांपर्यंत.

म्हणजे फोर्डचा दरवाजा बंद झाल्यामुळं वालचंदशेठ ज्या कंपनीकडे गेले, ती ब्रेकच्या बाबतीत फोर्डच्या पंधरा वर्षं पुढं होती. त्यांनी ब्रेक बघून करार केला असं कोणी म्हणणार नाही. पण कुर्ल्याच्या ट्रकाखाली पहिल्यापासून तेलाची नळी धावली ती या करारामुळं.

करार झाला तरी कारखाना लगेच झाला नाही. इंग्रज सरकारनं युद्धाचं कारण पुढं करून हात वर केले. यंत्रसामग्री आणायची तर परवानगी हवी, ती मिळेना. वालचंद गप्प बसणारे नव्हते. 1939 च्या त्याच प्रवासात विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली होती. पॉली चीनमध्ये विमानं जोडायचा. त्या ओळखीतून म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत 1940 च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. 21 जून 1941 ला विशाखापट्टणमला जहाज बांधायच्या गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हातून झाली.

पण 1942 मध्ये विमान कारखाना सरकारनं ताब्यात घेतला. गोदीतून 1948 मध्ये जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं खरं, पण 1952 मध्ये गोदीचीही मालकी मुख्यतः सरकारकडे गेली. जहाज, विमान, मोटार अशी तीन स्वप्नं एका माणसानं एकाच वेळी बघितली. त्यातलं घरात राहिलं ते मोटारीचं.

1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली. जागा कुर्ला. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि प्लिमथच्या मोटारी, डॉज आणि फार्गोचे ट्रक. गंमत अशी की डॉज आणि फार्गो ट्रक म्हणजे जवळपास एकच ट्रक, नाव आणि पुढची जाळी वेगळी. क्रायस्लर अमेरिकेबाहेर फार्गो हे नाव बरंच वापरायची. पुढं यांतल्या कितीतरी ट्रकांत मद्रासच्या सिम्पसनचं पर्किन्स पी-6 डिझेल इंजिन आलं. हे इंजिन लक्षात ठेवा, ब्रेकच्या कामात ते नडणार आहे.

तर आता ट्रकाखाली झोपू.

जुन्या फार्गोत मास्टर सिलेंडर एक, त्यातून निघणारी वाट एक. पुढं टी लावून तीच वाट चारी चाकांकडे वाटलेली. याचा अर्थ असा, की चार चाकांपैकी कुठंही एक नळी फुटली तर सगळ्या गाडीचं तेल त्या भोकातून जाणार आणि पेडल थेट फळीला टेकणार. मग उरतो हँडब्रेक. तो क्रायस्लरच्या जुन्या ट्रकांत मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर असतो. उभी गाडी धरायला उत्तम, पण घाटात सुटलेला भरलेला ट्रक थांबवायचा तो नव्हे.

पाईप न बदलता डिस्क बसवली तर काय बिघडतं? दोन गोष्टी.

पहिली दाबाची. ड्रम ब्रेकमध्ये एक फुकटची मदत मिळते. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळं कमी दाबात काम भागतं. डिस्कमध्ये ही ओढ नाही. पॅड दोन्हीकडून सपाट चकतीला चिमटा काढतात, तेवढंच. म्हणून डिस्कला दाब जास्त लागतो, जोरात ब्रेक मारला तर हजारभर पीएसआय. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते शंभरच्या आसपास. म्हणजे सत्तर वर्षांच्या नळीला आपण आधीपेक्षा जास्त दाब सोसायला सांगतोय.

दुसरी गोष्ट नळीच्या तब्येतीची. ही नळी लोखंडी. बाहेरून तिला कोकणचा पाऊस आणि खाडीची खारी हवा खाते, हे सगळ्यांना दिसतं. पण ती आतूनही गंजते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 चं ताजं तेल 205 अंशाला उकळतं, पाणी मुरलेलं 140 लाच. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. तेच पाणी उभ्या गाडीत वर्षानुवर्षं बसून नळी आतून कुरतडतं. वरून रंग मारलेली नळी म्हणून फसवी असते.

म्हणून काम असं होतं. एका वाटेचा मास्टर सिलेंडर काढून दोन वाटांचा बसवायचा. पुढच्या चाकांचं तेल वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक बाजू गेली तरी दुसरी थोडीफार धरते. आता वाटा दोन झाल्या म्हणजे जुना टी आणि जुनी मांडणी उपयोगाची राहत नाही. डिस्क दोन चाकांना बसवायच्या असल्या तरी पाईप पूर्ण गाडीचे नवे पडतात ते यामुळं.

नवा पाईप स्टीलचा किंवा तांबं-निकेलचा घ्यायचा. फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा पाईप वळवायला सोपा म्हणून काही जण घालतात. तो अजिबात घालू नये. इंजिनाच्या थरथरीनं तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. पाईपचं तोंड फुलवायचं तेही नीट. जुन्या अमेरिकन गाड्यांत तोंड फुलवून परत आत दुमडलेलं असतं, दुहेरी. हल्लीच्या बऱ्याच कॅलिपरना भाकरीसारखं टम्म फुगलेलं तोंड लागतं. आटेही वेगळे, जुने इंचातले आणि नवे मिलिमीटरचे. एकाचा नट दुसऱ्यात जबरदस्तीनं घुसवला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला गळतो. आट्यांवरून आठवलं, क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे माहीत नसलेला माणूस पाना लावून जीव काढतो आणि शेवटी बोल्ट मोडून ठेवतो.

रबरी होज जुने चालत नाहीत. कॅलिपर वेगळ्या जागी असतो, त्यामुळं लांबी बदलते. होज लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि चाक खाली लोंबू देऊन बघायचं. कुठं ताणतोय का, टायरला घासतोय का.

मग एक बारीक चीज. ड्रमच्या ब्रेकला नळीत कायम थोडा दाब ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, दहा पीएसआयच्या आसपासचा. तो डिस्कच्या वाटेत राहिला तर पॅड सुटतच नाहीत, पनवेलहून पळस्प्यापर्यंत जाईस्तोवर चकती तापते. तो काढायचा. पण जुन्या ट्रकांत मास्टर सिलेंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो. तेल उलटं त्याच्याकडे उतरू नये म्हणून पुढच्या वाटेत दोन पीएसआयचा हलका व्हॉल्व्ह घालतात. मागं ड्रमच ठेवले असतील तर मागच्या चाकांवरचा जोर कमी करणारा व्हॉल्व्हही लागतो. तो नसला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी होते.

आता ते पर्किन्स. डिस्कला लागणारा जादा दाब नुसत्या पायानं येत नाही, व्हॅक्यूमचा बूस्टर लागतो. पेट्रोल इंजिन हा व्हॅक्यूम आयता देतं. डिझेल देत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप जोडायला हवा. बूस्टर बसवून पंप विसरला तर पेडल दगडासारखं लागतं.

सगळं झालं की मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून हवा काढायची. दुसऱ्या माणसाला पेडल दाबून धरायला लावायचं आणि एकेक जोड कोरड्या कागदानं पुसून बघायचा. पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागेत, घाट नंतर. आणि हो, गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आधी आरटीओला विचारा. पनवेलची गाडी म्हणजे एमएच-46 चं ऑफिस.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मूळ ड्रम ब्रेकच नवे का करू नयेत? प्रश्न रास्त आहे आणि आमचं मत विचाराल तर प्रदर्शनापुरता फिरणारा ट्रक असेल तर तेच बरं. पाईप, होज आणि दोन वाटांचा मास्टर सिलेंडर एवढं बदललं तरी अर्धी भीती जाते. पण घाट चढ-उतार करायचा असेल तर गोष्ट वेगळी. अडचण अशी की त्या जुन्या मापाचे व्हील सिलेंडर मिळणं कठीण झालंय, कारण ते बनवायला लावणारा कारखानाच आता नाही.

त्या कारखान्याचं काय झालं? वालचंदशेठना 1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून बाजूला झाले. प्रीमियरचा कारभार भाऊ लालचंद यांच्याकडे होता. कंपनीनं फियाटशी हात मिळवला होता, हळूहळू जास्तीत जास्त भाग इथं बनवायची धडपड चालू होती. पण आयात गाड्या आणि नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्या यांच्यापुढं एकट्यानं कारखाना चालवणं अवघड होतं. सरकारनं संरक्षण द्यावं ही वालचंदांची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची.

8 एप्रिल 1953 ला गुजरातमध्ये सिद्धपूर इथं वालचंद गेले. वय 70.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारनं ठरवलं, की जे गाडी इथं बनवणार त्यांनीच राहायचं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जायचं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनं भारतातलं काम गुंडाळलं. ज्या फोर्डशी डेट्रॉईटमध्ये जमलं नव्हतं, ती गेली आणि कुर्ल्याचा कारखाना राहिला. हे बघायला वालचंदशेठ नव्हते.

आणि 1953 च्याच जूनमध्ये, त्यांच्या जाण्यानंतर दोन महिन्यांनी, फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत जग्वारची गाडी पहिली आली. तिच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरनं 1902 मध्येच याचं पेटंट घेतलं होतं, पण जगाला ते खरे पटले त्या शर्यतीनंतर. कुर्ल्याचे ट्रक त्यानंतरही बरीच वर्षं ड्रमवरच धावले. त्याच आवारातून पुढं फियाट 1100 आली, मग तिची पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. कारखाना बंद पडल्यावर त्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत. सुटे भाग शोधणाऱ्याला तिथं काही मिळणार नाही. त्याला परत कळंबोलीलाच यावं लागतं, जुनी नळी नमुना म्हणून हातात घेऊन.